गेटमधली फट

चुका काढायचा पगार मिळतो, हे अण्णांना शेवटपर्यंत पटलं नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या बंगळुरातल्या जुन्या मराठी घरांत वडिलांना अण्णाच म्हणतात. "घरी फुकट करत होतीस तेच तिकडे करतेस ना?" असं ते विचारायचे आणि मला राग यायचा, कारण ते खरं होतं. सारात मीठ कमी आहे, पाहुण्याच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलंय, कुणीतरी सांगत असलेल्या गोष्टीत एकच मामा एकाच वेळी दोन वेगवेगळ्या गावांत आहे, हे सगळं मला सर्वांच्या आधी दिसायचं आणि दिसलं की गप्प बसवायचं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका परदेशी कंपनीने याच गुणावर मला नोकरी दिली. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा, तो कुठे मोडतो ते शोधायचं आणि सापडलेली चूक नोंदवायची. सापडली की नोंदवायची, त्यात आपपरभाव नाही. ही आमची एकमेव नीती होती आणि मला ती फार आवडायची.

ऑफिस इंदिरानगरात, एका भाड्याच्या बंगल्यात होतं. पूर्वीच्या मालकांचं देवघर होतं तिथे मोठे कॉम्प्युटर ठेवले होते, आणि झाडायला येणाऱ्या बाई शेवटपर्यंत त्या खोलीत चप्पल काढूनच जायच्या. मी यशवंतपूरहून दोन बस बदलून यायचे. आमच्या टीमचा प्रमुख पुण्याचा होता. त्याचं मराठी ऐकून आई हसायची आणि आमचं मराठी ऐकून तो हसायचा, त्यामुळे हिशेब बरोबर होता. पुढे त्याने सर्जापूर रोडला फ्लॅट घेतला, तेव्हा तिथे नुसती शेतं होती आणि आम्ही त्याला वेड्यात काढलं होतं.

ज्या कामाबद्दल सांगते आहे त्याला आम्ही 'गेट' म्हणायचो. एका देशाच्या सरकारने आमच्या कंपनीला सांगितलं होतं: आमच्याकडे तुमचे कॉम्प्युटर विकायचे असतील तर आधी एक व्यवस्था करून द्या. देशात येणारं आणि देशाबाहेर जाणारं प्रत्येक ईमेल एका दारातून गेलं पाहिजे. आम्ही देऊ ते शब्द आणि आम्ही देऊ ती नावं ज्यात असतील ते मेल तिथेच थांबलं पाहिजे. नाहीतर दुकान आवरा. कंपनीने काही महिने ताणून धरलं. तिच्या स्वतःच्या देशात वर्तमानपत्रांतून टीका झाली, मोठ्या साहेबांनी मोकळ्या जगाबद्दल भाषण केलं, आणि मग शेपूट घालून होकार दिला. काम बंगळुराला आलं. आम्हाला वरून सूचना आली की या कामाबद्दल बाहेर कुणाशी बोलायचं नाही.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. त्याचं कारण पुढे कळेल.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्या यशवंतपूरच्या मार्केट यार्डात गेटवर एक माणूस पोत्यात पोकळ सळई खुपसून आतलं धान्य बघायचा, तसंच हे, असं मी अण्णांना समजावलं होतं. शिवाय गेट हा टेस्टरसाठी, म्हणजे आमच्यासारख्या चुका शोधणाऱ्यांसाठी, सणच असतो. नेहमीच्या प्रोग्रामात चूक शोधायची म्हणजे कंटाळवाणं काम. इथे मला चक्क चोर व्हायचं होतं. शब्द तोडून पाठव, उलटे लिहून पाठव, चित्रात दडवून पाठव. जे जे आत शिरेल ते नोंदवायचं, मग प्रोग्राम लिहिणारे ती वाट बुजवायचे. महिनाभरात गेट माझ्यामुळे चांगलंच पक्कं झालं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

अशा वेळी पाहुणे आले. त्या सरकारच्या टेलिफोन खात्यातला एक इंजिनिअर, तिशीतला. काम नीट होतंय का ते बघायचं आणि शेवटी ताबा घेताना सही करायची, यासाठी त्याला पाठवलं होतं. त्याचं नाव उच्चारताना आमची जीभ वळायची नाही, म्हणून पुण्याचा आमचा प्रमुख आणि मी आपसांत त्याला 'पाहुणे' म्हणायला लागलो. बंगळुरातल्या त्या हवेतही अंगात स्वेटर, जेवणात फक्त दहीभात, इंग्रजी मोडकं पण मोजकं. सरकारी माणूस म्हणून आम्ही आधी जपून होतो. मग एका दुपारी मी नोंदवलेली एक चूक त्याने वाचली आणि म्हणाला, "ही अर्धीच आहे. उरलेली अर्धी इथे आहे." बघते तर खरंच होती. त्या दिवसापासून आमचं जमलं. आपल्याच जातीचा चिकित्सक माणूस भेटल्याचा आनंद फार कमी वेळा मिळतो.

उगादीला ऑफिस बंद होतं. हा बिचारा गेस्ट हाऊसमध्ये एकटा बसणार, हे मी घरी बोलले आणि आईने हुकूम सोडला, "जेवायला घेऊन ये. सणाला माणूस एकटा बसतो काय?"

आईने त्याच्या हातावर आधी कडुनिंब आणि गूळ ठेवला. वर्षाची सुरुवात कडू आणि गोड दोन्ही एकदम खाऊन करायची, हे मी त्याला सांगितलं. त्याने ते चावत चावत मान डोलावली आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं. आई तिथेच जिंकली गेली. मग होळगी, म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी, तूप, कोसंबरी. "स्वल्प तूप अजून घाल गं त्यांना," आई म्हणाली, आणि मग सगळ्या आया जे विचारतात ते तिने विचारलं, "विचार की, घरी कोण कोण असतंय?"

मी विचारलं. तो म्हणाला, आई आहे, विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. आणि एक धाकटा भाऊ. तो परदेशात असतो.

"पत्र येतं का त्याचं?" आई.

हे मी इंग्रजीत विचारलं तेव्हा पानातली होळगी त्याने उगीचच मोडली. "यायचं," तो म्हणाला. "आता येत नाही."

मग हळूहळू, मध्ये मध्ये माझ्याकडे बघत, त्याने सांगितलं. भावाने परदेशात गेल्यावर आपल्या सरकारबद्दल काहीतरी लिहिलं होतं. फार मोठं काही नाही. विद्यार्थी लिहितात तसं. तेव्हापासून त्याचं पत्र घरी आलं तर उघडलेलं यायचं, आणि पत्रापाठोपाठ दोन माणसं यायची. ती आईला विचारायची, काय म्हणतो मुलगा? फोनचं तेच. आईला त्रास नको म्हणून भावाने लिहिणंच बंद केलं. तो जिवंत आहे की नाही हेही तिला नीट माहीत नव्हतं. बंगळुराला आल्यावर पाहुण्यांनी एका सायबर कॅफेत बसून भावाला गाठलं होतं. भाऊ ठीक होता. त्याचं लग्न झालं होतं. बायकोला दिवस गेले होते.

"मी परत गेलो की एवढं तरी तिला कानात सांगेन," तो म्हणाला. "पण मूल नंतर होईल. ते तिला कोण सांगणार?"

मी हे सगळं मराठीत करून आईला सांगत होते. शेवटी शेवटी माझाच आवाज मला ऐकवेना. आईने तुपाची वाटी खाली ठेवली.

"हे गेट गेट म्हणतेस ते हेच काय गं? तू करतेस ते?"

मी होय म्हणून मान हलवली.

"आणि त्या पोराला कशाला पाठवलंय मग इथे? आपल्याच भावाच्या तोंडाला कुलूप लावायला?"

"आई, तो नोकरी करतो."

"सरी," आई म्हणाली. तिचं 'सरी' म्हणजे कधी बरं असतं आणि कधी तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही असं असतं. हे दुसरं होतं.

अण्णांनी विषय बदलायचा प्रयत्न केला, पण आई बदलू देईना. तिने त्याला तिच्या माहेरची गोष्ट सांगितली आणि मला भाषांतराला बसवलं. तिचा मोठा भाऊ कोलारच्या सोन्याच्या खाणीत कामाला होता. तो घरी नॉटपेड पत्र टाकायचा, म्हणजे तिकीट न लावता. घेणाऱ्याने दुप्पट पैसे भरले तरच पोस्टमन ते पत्र देणार. पण घ्यायचंच नसायचं. पत्ता तांबड्या शाईत असला की सगळं ठीक आहे; निळ्यात असला तर पैसे भरून उघडायचं. आजोबा पत्र हातात घेऊन बघायचे, "नको" म्हणायचे, आणि पत्र आल्या वाटेने परत जायचं. पोस्टमनलाही ते पाठ झालं होतं. तो लांबूनच ओरडायचा, "तांबडं आहे हो, नको ना?"

पाहुणे इतके हसले की त्यांना ठसका लागला. आम्ही त्यांना हसताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच सुरू झालं होतं. परत जाणारं पत्र कोण वाचतं? गेटमधून येणारी मेल मी तपासली होती, जाणारी तपासली होती. पण पत्ता चुकल्यामुळे परत येणारी? ईमेलचा पत्ता खोटा असला तर तिकडचं मशीन ते मेल पाठवणाऱ्याकडे परत धाडतं, 'असा कुणी इथे नाही' असा शेरा मारून, आणि शेऱ्याखाली मूळ मजकूर जसाच्या तसा जोडून.

सुटीनंतर ऑफिसात पोचल्या पोचल्या मी ते करून बघितलं. बाहेरून एका खोट्या पत्त्यावर मेल लिहिलं, आणि पाठवणाऱ्याच्या जागी माझा पत्ता न घालता गेटच्या आतल्या माणसाचा पत्ता घातला. मेल खोट्या पत्त्यावर गेलं, तिथल्या मशीनने इमानेइतबारे ते 'परत' पाठवलं, आणि ते थेट गेटच्या आत जाऊन पडलं. गेटने त्याला हातही लावला नाही. आपल्याच माणसाचं मेल घरी परत येतंय, जाताना तपासलेलंच आहे, असं त्याला वाटलं. त्या मेलमध्ये मी यादीतले सगळे निषिद्ध शब्द एकाखाली एक लिहिले होते.

एवढी सुंदर चूक मला आधी कधी सापडली नव्हती. आणि पहिल्यांदाच मी ती नोंदवायच्या ऐवजी उठून दुसऱ्याच्या टेबलाशी गेले.

पाहुण्यांनी ती माझ्याकडून पुन्हा करवून घेतली. मग स्वतः केली.

"नोंदवलीस?"

"नाही."

त्याने दाराकडे बघितलं. "नोंदवू नकोस," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मी नोंदवली नाही. पुण्याच्या आमच्या प्रमुखाने रोजच्यासारखं विचारलं, "अगं, काही पेंडिंग आहे का? क्लायंटला डेट दिलीय आपण," आणि मी त्याच्या डोळ्यांत बघून "काही नाही" म्हटलं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. मुळीच नाही. मला आनंद झाला होता, इतका की बसमध्ये मी एकटीच हसत होते. एक बाई तिच्या नातवंडाची बातमी एका फटीतून वाचणार आणि ती फट फक्त आम्हा दोघांना माहीत. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आता कशी माझी लेक शोभतेस," आणि संध्याकाळी मुद्दाम शेवयांची खीर केली.

ताबा द्यायच्या आधी कंपनीचे परदेशी साहेब येऊन गेले. माणूस वाईट नव्हता. बंगल्याच्या मागच्या अंगणात आमच्याबरोबर केळीच्या पानावर जेवला, सांबारात बोटं बुडवली, आणि मग कुणी न विचारताच म्हणाला, "आम्ही नाही केलं तर दुसरी कंपनी करेल. ती तरी काळजी घेईल का?" मग तो हसत म्हणाला की त्याच्या देशात असलं काही बनवलं असतं तर कंपनीचे वकील झोपले नसते. म्हणजे सोवळं तिकडे आणि ओवळं आमच्या अंगणात, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी ते गिळलं, कारण माझ्या गाठीला ती फट होती. ज्याच्या मुठीत काहीतरी असतं त्याला चिडायची गरज नसते.

पाहुणे त्या जेवणात नुसता दहीभात कालवत राहिले. साहेबांनी त्यांना विचारलं, "तुमचं समाधान झालंय ना? सही तुमची आहे." त्यांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटर उघडला आणि चुकांच्या यादीत सगळ्यात वर ती होती. परत येणाऱ्या मेलची चूक. पायरीपायरीने लिहिलेली, स्वच्छ, कुठेही अर्धी न ठेवलेली. खाली नाव पाहुण्यांचं.

तोंडात मारल्यासारखं झालं. तो अंगणात नारळाखाली चहा घेत उभा होता. मी जाऊन मराठीतच सुरू केलं, मग लक्षात येऊन इंग्रजीत. तुला लाज वाटते का, मी तुझ्यासाठी खोटं बोलले, माझी आई तुझ्या आईसाठी रोज दिवा लावते, आणि तू सरकारी तो सरकारीच. असंच सगळं. त्याने ऐकून घेतलं. चहा गार झाला तो त्याने कुंडीत ओतला.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "आधी ते सांगतो. सही माझी आहे. उद्या कुणाला सापडलं तर विचारतील, तपासताना कोण होतं?"

"ते कळलं."

"पण तेवढंच नाही. मी भावाला ओळखतो. त्याला ही वाट सांगितली तर तो एकदा लिहून थांबणार नाही. मूल झालं म्हणून लिहील, दात आला म्हणून लिहील, फोटो पाठवेल. आई ग्रंथालयातल्या मशीनवर वाचेल. तिथे ती एकटी बसत नाही. आणि ती वाचून हसेल. दोन वर्षांत हसली नाहीये. शेजारची बाई विचारेल, काय झालं? मला तिचं तोंड माहीत आहे. तिला लपवता येत नाही."

मी म्हटलं, मग भावाला सांगू नकोस. फट राहू दे, पण सांगू नकोस.

"तो माझ्यापेक्षा हुशार आहे. फट असली तर त्याला सापडेल."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. इतका वेळ मी त्या फटीकडे बाहेरून बघत होते. आत बसलेल्या बाईच्या बाजूने मी ती बघितलीच नव्हती. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणावर काढावा ते समजत नव्हतं. समोर तर हा एकच माणूस होता, स्वेटर घातलेला, रिकामा कप धरून उभा.

"आज ते दुरुस्त करून देतील," तो म्हणाला. "मग तपासायला तुझ्याकडे येईल. हो ना?"

"हो." नियमच होता. दुरुस्ती झाली की ती खरंच झाली का, हे टेस्टरने बघायचं.

"नीट तपास," तो म्हणाला. "तुझ्यासारखं दुसरं कुणी तपासत नाही. अर्धवट राहिलं तर त्यातून तो येईल. मेहेरबानी कर आणि नीट तपास."

दुपारी दुरुस्ती माझ्याकडे आली. पाहुणे समोर येऊन बसले नाहीत; दुसऱ्या खोलीत कागद आवरत राहिले, त्यांना दोन दिवसांनी निघायचं होतं. तपासायला मजकूर लागतो, आणि गेटने अडवावं असं काहीतरी त्यात असावं लागतं. मी त्याच्या भावाचं नाव लिहिलं. ते सरकारने दिलेल्या नावांमध्ये होतंच. त्याच्यापुढे लिहिलं, बाळ झालं, दोघंही ठीक आहेत, आई, तू आजी झालीस.

ते मी खोट्या पत्त्यावरून परत पाठवलं. अडलं. पत्ता बदलून, शेऱ्याची भाषा बदलून, मजकूर मध्येच तोडून, दोन वेळा परत फिरवून. मला येत होतं तेवढं सगळं केलं, आणि मला बरंच येत होतं. एखादी तरी वाट उघडी सापडावी असं आत कुठेतरी वाटत होतं, आणि सापडू नये म्हणून मी जिवाच्या आकांताने शोधत होते. त्या बाईंना नातवंड झाल्याची बातमी मी त्या दुपारी किती तऱ्हांनी पाठवली असेल. प्रत्येक वेळी ती गेटपाशी थांबली.

मग मी 'दुरुस्ती योग्य' असं नोंदवलं, आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. तेवढं चोख काम मी आयुष्यात पुन्हा केलेलं नाही.